फुफ्फुसातली पीएव्हीएम आणि कॉइल-प्लगचा बिनटाक्याचा उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्टमध्ये ‘पल्मनरी एव्हीएम’ लिहिलंय. म्हणजे नेमकं काय?

हृदयाच्या उजव्या बाजूकडून अशुद्ध रक्त फुफ्फुसाच्या धमन्यांत येतं. या धमन्या फुटत फुटत अतिशय बारीक केशवाहिन्या होतात. तिथे रक्ताला ऑक्सिजन मिळतो आणि मग ते शिरांमधून हृदयाच्या डाव्या बाजूला परततं. पल्मनरी आर्टिरिओव्हेनस मालफॉर्मेशन, म्हणजे पीएव्हीएममध्ये, मधला केशवाहिन्यांचा टप्पाच नसतो. धमनी थेट शिरेला जोडलेली असते आणि जोडाच्या जागी बहुतेक वेळा पातळ भिंतीची फुगलेली पिशवी असते. तिला सॅक म्हणतात.

यातून दोन गोष्टी बिघडतात. तेवढं रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं, ही पहिली. दुसरी जास्त महत्त्वाची आहे. केशवाहिन्यांचं जाळं गाळणीचं कामही करतं. पायाच्या शिरेतली बारीक गुठळी, हिरड्यांतून रक्तात शिरलेले जंतू, सलाइनमधला हवेचा बुडबुडा हे सगळं एरवी फुफ्फुसात अडकतं आणि तिथेच त्याचा निकाल लागतो. पीएव्हीएममध्ये ते आरपार जातं आणि पुढचा थांबा अनेकदा मेंदू असतो. उपचारात जांघेच्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, नेऊन ही धमनी कॉइल (धातूची तार) किंवा प्लग (धातूची जाळी) बसवून आतून बंद करतात.

मला काहीच त्रास नाही. धाप नाही, खोकला नाही. मग उपचार कशाला?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. याच समजुतीमुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं. पीएव्हीएम फुफ्फुसात असते, पण तिचा मुख्य धोका मेंदूला असतो. अनेकांना पहिलं लक्षण म्हणून थेट पक्षाघाताचा झटका येतो किंवा मेंदूत पू होतो. त्याआधी धाप लागलेली असेलच असं नाही. तरुण माणसाचा ऑक्सिजन बऱ्यापैकी कमी असला तरी शरीर हिमोग्लोबिन वाढवून जुळवून घेतं आणि तो माणूस रोज जिना चढतो, कामावर जातो.

थोडी लक्षणं असलीच तर ती अशी: चालताना दम लागणं, अर्धशिशी, ओठ-नखांना निळसर छटा, बोटांची टोकं फुगून नखं गोलाकार होणं, कधी थुंकीतून रक्त. एक खूण विशेष आहे. आडवं पडल्यावर बरं वाटतं आणि उभं राहिल्यावर दम लागतो. बहुतेक पीएव्हीएम फुफ्फुसाच्या खालच्या भागात असतात. उभं राहिलं की तिकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि ऑक्सिजन उतरतो. घरचा ऑक्सिमीटर आधी झोपून पाच मिनिटांनी आणि मग उभं राहून पाच मिनिटांनी लावून बघा. आकड्यात स्पष्ट फरक पडला तर दोन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. फरक नाही म्हणून पीएव्हीएम नाही असं मात्र धरू नका.

एक्स-रेमध्ये ‘गाठ’ दिसली. टीबी किंवा कॅन्सर तर नसेल? सुईने तुकडा काढून बघायला सांगितलंय.

थांबा. आपल्याकडे टीबी इतका आहे की एक्स-रेवर गोल पांढरा डाग दिसला की आधी त्याचाच संशय येतो, आणि थुंकीत जंतू सापडले नसतानाही गोळ्या सुरू होतात. पीएव्हीएमची सॅकसुद्धा एक्स-रेवर अगदी तशीच, गोल आणि गुळगुळीत कडेची दिसते. तिच्यात सुई घालणं म्हणजे पातळ भिंतीच्या, वाहत्या रक्ताने भरलेल्या पिशवीला भोक पाडणं. त्यातून जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो.

बायोप्सीआधी रेडिऑलॉजिस्टना एवढंच विचारा: “या गाठीत एक रक्तवाहिनी शिरताना आणि एक बाहेर पडताना दिसते का?” सीटी स्कॅनच्या बारीक कापांत हे स्पष्ट दिसतं. उत्तर ‘हो’ असेल तर बायोप्सीचा विषय संपला.

डॉक्टरांनी विचारलं, “घरात कुणाचा घोळणा फुटतो का?” त्याचा इथे काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे. पीएव्हीएमच्या बहुसंख्य रुग्णांना एचएचटी (हेरेडिटरी हेमोरेजिक तेलँजिएक्टेशिया) हा रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार असतो. त्याचं जुनं नाव ऑस्लर-वेबर-रेंदू. साधारण पाच हजारांत एकाला तो असतो, पण आपल्याकडे तो ओळखलाच जात नाही, कारण घोळणा फुटणं म्हणजे ‘उष्णता’ असं समजून कांदा हुंगवला जातो आणि विषय तिथेच मिटतो.

निदानासाठी क्युरासाओ निकष वापरतात. ते चार आहेत: आपोआप आणि वारंवार घोळणा फुटणं; ओठ, जीभ, बोटांची टोकं, नाक इथे टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके, जे दाबले की फिके होतात; फुफ्फुस, यकृत, मेंदू किंवा आतड्यांत अशा रक्तवाहिन्या; आणि आई, वडील, भावंडं, मुलं यांपैकी कुणाला एचएचटी. तीन जुळले तर निदान पक्कं, दोन जुळले तर शक्यता. एन्डोग्लिन, एसीव्हीआरएल-१ आणि स्मॅड-४ या जनुकांची रक्ततपासणीही होते. एन्डोग्लिनमध्ये दोष असेल तर पीएव्हीएमचं प्रमाण जास्त असतं. आई किंवा वडिलांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी.

पीएव्हीएमची इतरही कारणं आहेत. जन्मजात हृदयदोषासाठी ग्लेन शस्त्रक्रिया झालेल्या मुलांत त्या तयार होऊ शकतात. काही रुग्णांत कारण सापडत नाही.

कोणत्या तपासण्या लागतात?

पहिली बबल टेस्ट, म्हणजे बुडबुड्यांची टूडी इको. दोन सिरिंजा थ्री-वेने, म्हणजे तीन तोंडांच्या तोटीने, जोडून ८-९ मिली सलाइन आणि अर्धा ते एक मिली हवा यांची वेगाने इकडून तिकडे घुसळण करतात आणि तयार झालेले सूक्ष्म बुडबुडे हाताच्या शिरेतून सोडतात. निरोगी माणसात ते फुफ्फुसात अडकतात, हृदयाच्या डाव्या कप्प्यात दिसत नाहीत. पीएव्हीएममध्ये तीन-चार ठोके गेल्यावर डावीकडे दिसू लागतात. पहिल्या तीन ठोक्यांतच दिसले तर हृदयाच्या पडद्यातलं छिद्र असण्याची शक्यता जास्त. म्हणून चाचणी करणाऱ्याने ठोके मोजून लिहायला हवेत. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला रिपोर्ट अर्धवट समजा. डावीकडे एका वेळी ३० पेक्षा कमी बुडबुडे असतील तर ग्रेड १, ३० ते १०० ला ग्रेड २ आणि १०० पेक्षा जास्तला ग्रेड ३.

चाचणीत बुडबुडे दिसले, विशेषतः ग्रेड २ किंवा ३, की छातीचा सीटी स्कॅन. काप १ ते २ मिमीचे हवेत. निदानासाठी कॉन्ट्रास्टचं (रक्तवाहिन्या फोटोत उठून दिसाव्यात म्हणून देतात त्या द्रवाचं) इंजेक्शन बहुतेक वेळा लागत नाही. फुफ्फुसात हवा काळी आणि रक्तवाहिन्या पांढऱ्या दिसतात, तेवढा फरक पुरतो. कॉन्ट्रास्ट टाळला की शिरेत हवा जाण्याचा धोकाही टळतो.

स्कॅनमध्ये चार-पाच दिसतात. सगळ्या बंद करणार का?

निर्णय रक्त आणणाऱ्या धमनीच्या जाडीवर होतो, सॅकच्या आकारावर नाही. ही धमनी २ ते ३ मिमी किंवा त्याहून जाड असेल तर ती बंद करतात, लक्षणं असोत वा नसोत. पूर्वी ३ मिमीची रेघ पक्की मानत. आता बारीक कॅथेटर आल्यामुळे आणि लहान पीएव्हीएममधूनही झटके आल्याचं दिसल्यामुळे, सुरक्षितपणे पोचता येत असेल तर २ मिमीच्याही बंद करतात. त्याहून बारीक असतील त्यांच्यावर लक्ष ठेवायचं.

एकाच सेगमेंटच्या, म्हणजे फुफ्फुसाच्या एका छोट्या भागाच्या, धमनीतून रक्त येत असेल तर ती साधी पीएव्हीएम, बहुतेक याच असतात. अनेक सेगमेंटमधून येत असेल तर गुंतागुंतीची. तिथे प्रत्येक वाट शोधून बंद करावी लागते. एखादी राहिली तर सगळा प्रवाह तिकडून सुरू होतो. अख्ख्या फुफ्फुसभर बारीक पसरलेला प्रकार दुर्मिळ आणि सगळ्यात अवघड आहे. तिथे सगळं बंद करता येत नाही, फक्त मोठ्या वाटा बंद करून ऑक्सिजन सुधारायचा प्रयत्न करतात.

ऑपरेशन करून तो भाग काढून टाकला तर कायमची सुटका होणार नाही का?

छाती उघडून फुफ्फुसाचा तुकडा काढणं हा १९४० च्या दशकापासूनचा उपचार आहे आणि आजही क्वचित लागतो, उदाहरणार्थ सॅक फुटून छातीत रक्त भरलं आणि कॅथेटरने थांबलं नाही तर. पण एचएचटीमध्ये पीएव्हीएम अनेक असतात, नंतर नव्याही वाढतात. दर वेळी फुफ्फुस कापत राहिलं तर उरणार काय? १९७७ साली बर्लिनमध्ये पोर्स्टमन यांनी कॅथेटरमधून धमनी बंद करून दाखवली आणि तिथून दिशा बदलली. आज हाच पहिल्या पसंतीचा उपचार आहे, कारण निरोगी फुफ्फुस जवळपास सगळं शाबूत राहतं आणि तोच उपचार पुन्हा करता येतो.

नातेवाईकांना टीबीनंतर खोकल्यातून रक्त पडायचं, त्यांचंही ‘एम्बोलायझेशन’ झालं होतं. हे तेच का?

नाव एक, काम वेगळं. रक्तवाहिनी आतून बंद करणं म्हणजे एम्बोलायझेशन. टीबीनंतरचा रक्तस्राव सहसा ब्राँकियल धमनीतून होतो. ती महाधमनीची शाखा आहे. तिथे जांघेतल्या *धमनीतून* जातात आणि बहुतेक वेळा पीव्हीए या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे सूक्ष्म कण सोडून बारीक वाहिन्या बुजवतात. पीएव्हीएमसाठी जांघेतल्या *शिरेतून* हृदयाच्या उजव्या बाजूने फुफ्फुसाच्या धमनीत जातात. इथे कण वापरणं घातक आहे, कारण ते सॅकमधून निसटून सरळ मेंदूत जातील. म्हणून इथे जागच्या जागी घट्ट बसणारी, आकार मोजून निवडलेली वस्तूच लागते.

प्रोसीजरआधी काय तयारी करायची?

हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), प्लेटलेट, पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), ईसीजी, टूडी इको आणि सीटीच्या *फिल्म नव्हे, सीडी*. फिल्मवरून धमनीचा कोन आणि जाडी नीट मोजता येत नाही. इकोमध्ये फुफ्फुसातला रक्तदाब जास्त वाटला तर तो आधी नीट तपासतात, कारण वाट बंद केल्यावर दाब आणखी चढू शकतो. ईसीजीमध्ये लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या डाव्या भागाला विजेचा संदेश नेणारी वाट (डावा बंडल) बंद, असेल तर आवर्जून सांगा. कॅथेटर उजव्या कप्प्यातून जाताना उजवा बंडल थोडा वेळ बंद पडू शकतो. डावा आधीच बंद असेल तर हृदयाचे ठोकेच थांबू शकतात, म्हणून तात्पुरता पेसमेकर हाताशी ठेवतात.

साधारण सहा तास उपाशी राहावं लागतं. मेटफॉर्मिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कुठल्या इंजेक्शनची ॲलर्जी हे लिहून न्या. घोळणा फुटण्याचा त्रास असेल तर नाकातून नळी घालू नका असं आधीच बजावा.

प्रत्यक्ष काय करतात?

कॅथलॅबमध्ये तुम्ही जागे असता. हलकी गुंगी देतात आणि फक्त जांघेची जागा सुन्न करतात. पूर्ण भूल टाळण्याचं कारण सरळ आहे: दर वेळी फोटो घेताना श्वास रोखून धरायला सांगावं लागतं, आणि बोलता-हलता रुग्ण असला की मेंदूला काही झालं तर लगेच कळतं. लहान मुलांना मात्र भूल लागते.

उजव्या जांघेच्या शिरेत सोनोग्राफीवर बघून सुई घालतात आणि शीथ, म्हणजे आत-बाहेर करायची छोटी नळी, बसवतात. त्यातून ७ फ्रेंचच्या आसपासचा, म्हणजे सुमारे २.३ मिमी जाडीचा, ८०-९० सेंमी लांब गाइडिंग कॅथेटर उजव्या कप्प्यांतून फुफ्फुसाच्या धमनीत नेतात. हृदयातून जाताना दोन-चार ठोके चुकल्यासारखे वाटतात, ते अपेक्षित आहे. मग हेपरिन देतात, म्हणजे कॅथेटरवर गुठळी धरत नाही. बहुतेक ठिकाणी अँटिबायोटिकचा एक डोसही देतात.

कॉन्ट्रास्ट सोडून फुफ्फुसाचे फोटो घेतात तेव्हा छातीत गरम लाट गेल्यासारखं वाटतं, कधी खोकला येतो. नंतर गाइडिंगच्या आतून ५ फ्रेंचचा किंवा त्याहूनही बारीक कॅथेटर नेमक्या धमनीत सरकवतात. सॅकच्या अगदी तोंडाशी, शक्यतो १ सेंमीच्या आत पोचणं हे यातलं खरं कसब. लांबवरच बंद केलं तर वाटेतल्या निरोगी फांद्याही बंद होतात, तेवढा फुफ्फुसाचा भाग सुकतो आणि छातीत दुखतं. शिवाय बंद जागेच्या पुढचा धमनीचा तुकडा मोकळाच राहतो. शेजारच्या फांद्या त्याला रक्त पुरवायला लागतात आणि काही वर्षांनी पीएव्हीएम पुन्हा भरते.

शेवटी पुन्हा फोटो घेऊन प्रवाह थांबल्याची खात्री करतात. एका पीएव्हीएमला साधारण एक ते दोन तास. दोन्ही फुफ्फुसांत अनेक असतील तर कॉन्ट्रास्ट आणि किरणांची मर्यादा सांभाळण्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत करतात.

कॉइल बरी की प्लग?

कॉइल म्हणजे प्लॅटिनम किंवा तत्सम धातूची बारीक तार. कॅथेटरमध्ये सरळ असते, बाहेर पडली की वेटोळं होते. अनेकांवर तंतू लावलेले असतात, म्हणजे रक्त लवकर गोठतं. कॉइल धमनीपेक्षा एक-दोन मिमी मोठी घेतात. ५ मिमीच्या धमनीला ६-७ मिमीची. लहान घेतली तर प्रवाहाबरोबर सॅकमधून निसटून डाव्या हृदयात जाते. फार मोठी घेतली तर वेटोळं होतच नाही, लांबट पसरते आणि मध्ये फट राहते. प्रवाह जोराचा असेल तर अनुभवी हात पहिले दोन-तीन सेंटिमीटर शेजारच्या बारीक फांदीत खोचतात आणि त्या आधारावर उरलेली कॉइल मुख्य धमनीत भरतात. पहिली कॉइल कडक, नंतरच्या मऊ, एकात एक घट्ट दाबून. एकच कॉइल टाकून प्रवाह मंदावला म्हणून थांबणं ही पुढच्या अपयशाची सुरुवात असते.

प्लग म्हणजे निटिनॉलच्या (निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या) तारांची विणलेली जाळी. तो धमनीपेक्षा ३० ते ५० टक्के मोठा घेतात, म्हणजे ५ मिमीला साधारण ७ मिमीचा. जागा पसंत पडली नाही तर आत ओढून पुन्हा बसवता येतो आणि मनासारखा बसल्यावरच तार फिरवून सोडतात. साध्या प्लगभोवती रक्त गोठायला काही मिनिटं लागतात, तोवर वाट बघावी लागते. ३ ते ५ मिमीपर्यंतच्या धमन्यांसाठी मायक्रोकॅथेटरमधून जाणारे, पडदा लावलेले छोटे प्लगही आहेत. ते जवळपास लगेच प्रवाह थांबवतात.

जिथे सरळ पोचता येतं तिथे आमचं मत प्लगच्या बाजूने आहे, कारण नंतर वाट पुन्हा उघडण्याचं प्रमाण नुसत्या कॉइलपेक्षा कमी दिसतं. धमनी फार वळणाची असेल तर कडक कॅथेटर पोचत नाही, तिथे कॉइलच. अनेकदा दोन्ही मिळून वापरतात.

डॉक्टर आणि सिस्टर हवेच्या बुडबुड्याला इतकं का जपतात?

कारण इतर रुग्णाला ज्या बुडबुड्याने काही होत नाही, तो इथे हृदयाच्या किंवा मेंदूच्या धमनीत जाऊ शकतो. सगळ्यात नाजूक क्षण असतो कॅथेटरमधून वाट दाखवणारी तार किंवा आतला कॅथेटर बाहेर ओढतानाचा. फुफ्फुसाच्या धमनीतला दाब मुळात कमी असतो. त्याच वेळी रुग्णाने खोल श्वास घेतला की छातीत ओढ तयार होते आणि उघड्या तोंडातून हवा आत खेचली जाते. म्हणून कॅथेटरचं मागचं तोंड सलाइनच्या वाडग्यात बुडवून ठेवतात, तार पाण्याखालीच हळूहळू काढतात, तोंडाशी रक्त आपणहून ठिबकेपर्यंत थांबतात आणि मगच सिरिंज जोडतात. प्लग भरताना त्याच्या जाळीत अडकलेली हवासुद्धा सलाइनमध्ये बुडवून झटकून काढतात.

तरीही थोडी हवा गेलीच तर बहुतेक वेळा ती उजव्या कोरोनरीत, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या उजव्या धमनीत, जाते, कारण पाठीवर झोपलेल्या माणसात तिचं तोंड वरच्या बाजूला येतं आणि हवा वर चढते. छातीत दुखतं, नाडी मंदावते, ईसीजी बदलतो. १०० टक्के ऑक्सिजन, गरज पडली तर नाडी वाढवणारं ॲट्रोपिन, आणि थोडा वेळ धीर. सहसा काही मिनिटांत सगळं पूर्ववत होतं.

आणखी काय बिघडू शकतं?

सर्वाधिक दिसणारा त्रास म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाची सूज. साधारण दहातल्या एकाला पहिल्या काही दिवसांत खोल श्वास घेताना बाजूला सुईसारखं दुखतं, थोडा ताप येतो. मोठ्या पीएव्हीएमनंतर हे जास्त दिसतं. पॅरासिटामॉल बहुधा पुरतं. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या लागू पडतात, पण घोळणा फुटणाऱ्यांनी त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. जांघेत काळंनिळं होणं किरकोळ आहे. कॉइल किंवा प्लग निसटणं शंभरात एक-दोघांत होतं. फासा असलेल्या कॅथेटरने तो बहुतेकदा परत काढता येतो. प्रोसीजरमुळे पक्षाघात होण्याचं प्रमाण अनुभवी केंद्रांत एक टक्क्यापेक्षा कमी आहे. उपचार न करता राहण्याचा धोका याहून मोठा आहे, हे निर्णय घेताना समोर ठेवा.

घरी कधी जाता येतं? काम कधी सुरू करायचं?

शिरेतून केलेलं असल्याने दोन ते चार तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. रात्रभर देखरेख, दुसऱ्या दिवशी छातीचा एक्स-रे आणि ऑक्सिजन बघून घरी. टेबलावरचं काम दोन-तीन दिवसांत सुरू करता येतं. पाण्याचे हंडे, सिलिंडर, गोणी उचलणं, दुचाकीला किक मारणं आठवडाभर नको.

ऑक्सिजन मोठ्या पीएव्हीएमनंतर टेबलावरच वाढताना दिसतो. वाढलेलं हिमोग्लोबिन मात्र हळूहळू काही आठवड्यांत उतरतं. ते जास्त आहे म्हणून रक्त काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर आधी पीएव्हीएमच्या डॉक्टरांशी बोला. ते शरीराने ऑक्सिजनच्या कमतरतेवर काढलेलं उत्तर असतं.

एकदा बंद केली की झालं ना?

नाही. पहिला सीटी ६ ते १२ महिन्यांनी, मग साधारण दर तीन वर्षांनी, आयुष्यभर. त्यात बघतात ते सॅक आणि रक्त नेणारी शीर किती आकसली. ७० टक्के किंवा जास्त आकसली तर वाट बंद झाली असं मानतात. आकसली नसेल तर कारण शोधतात: कॉइलच्या वेटोळ्यांमधून पुन्हा रक्त वाहू लागलं असेल (हे सगळ्यात जास्त दिसतं), शेजारच्या बारीक फांद्यांनी रक्त पुरवलं असेल, किंवा आधी लहान म्हणून सोडलेली पीएव्हीएम वाढली असेल. पुन्हा उघडलेली वाट त्याच पद्धतीने परत बंद करता येते, फक्त आधीच्या धातूमुळे काम जरा किचकट होतं.

बरं वाटतंय म्हणून लोक दुसरा सीटी टाळतात. पुन्हा उघडलेली पीएव्हीएमही पहिल्यासारखीच गप्प असते. मोबाइलमध्ये तारीख घालून ठेवा.

दात काढायचा आहे. काही काळजी?

हो, आणि उपचार झाल्यानंतरही, कारण सीटीवर न दिसणाऱ्या सूक्ष्म वाटा उरलेल्या असतात. हिरड्यांतून रक्त येईल असं काहीही करण्याआधी, म्हणजे दात काढणं, रूट कॅनॉल, स्केलिंग, एका डोसचं अँटिबायोटिक घ्यायचं. मोठ्यांसाठी नेहमीचा डोस ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, ३० ते ६० मिनिटं आधी. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं औषध डॉक्टर लिहून देतील. मेंदूतल्या पुवाचे जंतू अनेकदा तोंडातलेच निघतात. त्यामुळे दर सहा महिन्यांनी दातांची तपासणी हाही या उपचाराचाच भाग समजा.

कुठल्याही आजारासाठी सलाइन लागलं तर नळीला हवा अडवणारा फिल्टर लावायला सांगा. नसेल तर नळीत एकही बुडबुडा नाही हे डोळ्यांनी बघून घ्या. रक्त चढवताना हा बारीक फिल्टर चालत नाही, तिथे फक्त काळजी.

लोहाच्या गोळ्या का दिल्या? माझा तर ऑक्सिजनचा प्रश्न आहे.

घोळणा फुटून लोह सतत जातं. लोह कमी असलेल्या पीएव्हीएमच्या रुग्णांत पक्षाघाताचं प्रमाण जास्त आढळलं आहे. हिमोग्लोबिन १३-१४ दिसलं तरी फसू नका. या आजारात ते ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे वर ढकललेलं असू शकतं. फेरिटिन बघा. गोळी चहाबरोबर घेऊ नका, दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा.

लग्न ठरलंय. गरोदरपणात काय?

शक्य असेल तर आधी तपासणी आणि उपचार, मग दिवस. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, पीएव्हीएम मोठी होते आणि फुटू शकते. धोका दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत जास्त. उपचार न झालेल्या पीएव्हीएममध्ये मातेच्या मृत्यूचं प्रमाण सुमारे एक टक्का आहे. एरवी निरोगी तरुण बाईसाठी हा आकडा फार मोठा आहे. दिवस राहिल्यावर कळलं तर दुसऱ्या तिमाहीपासून प्रोसीजर करता येते. किरण छातीवर पडतात आणि बाळापर्यंत फार कमी पोचतात. गरोदर बाईला खोकल्यातून रक्त आलं किंवा अचानक दम लागला तर तासभरही थांबू नका.

माझ्या मुलांची आणि भावंडांची तपासणी करावी का?

एचएचटी असेल तर करावी, त्यांना त्रास नसला तरी. मोठ्यांना बबल टेस्ट आणि ती नकारात्मक आली तर साधारण पाच वर्षांनी पुन्हा. मुलांमध्ये ऑक्सिमीटर, एक्स-रे, बबल टेस्ट यांनी सुरुवात करतात आणि ऑक्सिजन कमी असेल किंवा पीएव्हीएम मोठी असेल तर उपचार लगेच. जनुकातला दोष घरातल्या एकात सापडला असेल तर बाकीच्यांची तपासणी एका रक्तचाचणीत निकाली निघते, आणि ज्यांच्यात दोष नाही त्यांची पुढच्या सगळ्या स्कॅनमधून सुटका होते.

एमआरआय, विमान, पोहणं चालेल का?

सध्याच्या प्लॅटिनम कॉइल आणि निटिनॉल प्लग असताना एमआरआय करता येतो. पण कोणतं उपकरण आहे ते कार्डावर हवं, कारण जुन्या स्टीलच्या कॉइलबाबत आधी खात्री करावी लागते. विमानतळाच्या दारातून जाताना काही अडचण नाही. विमानप्रवासाआधी ऑक्सिजन तपासून घ्या, बसून पाय हलवत राहा, पाणी प्या. पोहणं, चालणं, व्यायाम चालतं. स्कूबा डायव्हिंग मात्र कधीच नको, उपचारानंतरही नको. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला गेल्यावर आग्रह होतो, तेव्हा स्नॉर्केलिंगवर भागवा. खोल पाण्यातून वर येताना शिरांमध्ये बुडबुडे तयार होतात आणि ते गाळले जात नाहीत.

हे कुठे करून घ्यावं आणि खर्चाचं काय?

हे काम इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टचं. काही ठिकाणी हृदयरोगतज्ज्ञही करतात. विचारायचे प्रश्न असे: पीएव्हीएमच्या किती केसेस केल्या आहेत? सगळ्या मापांचे प्लग आणि निसटलेली वस्तू काढायचा फासा तयार असतो का? एक वर्षाचा सीटी कोण बघणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर दुसरं केंद्र बघा.

खर्चाचा मोठा वाटा कॉइल आणि प्लगचा असतो, म्हणून अंदाजपत्रकात प्रत्येकाची संख्या आणि किंमत वेगळी लिहून मागा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून या प्रोसीजरला कोणतं पॅकेज लागू होतं आणि उपकरणं त्यात धरली आहेत का, हे दाखल होण्याआधीच विचारा. डिस्चार्जच्या वेळी तीन गोष्टी मागून घ्या: प्रोसीजरच्या फोटोंची सीडी, वापरलेल्या प्रत्येक कॉइल-प्लगचं स्टिकर, आणि ‘पीएव्हीएम, सलाइनला फिल्टर, दातांआधी अँटिबायोटिक’ असं लिहिलेलं पाकिटात मावणारं कार्ड.

कोणत्या लक्षणांवर ओपीडीची वाट बघायची नाही?

तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, ताप आणि डोकेदुखी एकत्र, पहिल्यांदाच आलेली फीट, खोकल्यातून चमचाभरापेक्षा जास्त रक्त, अचानक छातीत दुखून दम लागणं. १०८ ला फोन करा आणि पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: “फुफ्फुसात पीएव्हीएम आहे.” तपासणारा डॉक्टर रक्त गोठू न देणारं औषध द्यायचं की आधी मेंदूतला पू शोधायचा, याचा निर्णय त्यावरून घेतो.